शेषेरावांची मुरलेली वाइन

आमचे नांदेडचे शेजारी शेषेराव पाटबंधारे खात्यातून रिटायर झाले. पुण्याच्या जावयाने एकदा वाइन पाजली आणि माणूस कामातून गेला. होलसेल मॉलात लोक डाळीची पोती उचलतात, हे सगळ्यात धुळकट बाटल्या शोधतात. "जुनी तितकी भारी, वर दोनावर एक फुकट!"

पेट्या त्यांनी पत्र्याखालच्या माळ्यावर मुरायला ठेवल्या. अख्खा मे महिना त्या तिथेच तापल्या.

परवा आम्हाला बोलावून त्यांनी ऐटीत घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "हिची चव कळायला जीभ लागते." आम्हीही ती आंबटढाण वाइन गिळून माना डोलावल्या.

त्यांच्या बायकोने, सिंधुवहिनींनी, एक घोट चाखला आणि उरलेली बाटली कांद्याच्या लोणच्याच्या बरणीत ओतली. "सिरका लई झकास हाय. दोनावर एक फुकट म्हणता? मग पुढच्या बारीला जास्त आणा."