बांधावरची कोरी जागा

पोलंडमधल्या एका म्हाताऱ्या चित्रकाराकडून मी जलरंग शिकले. त्याला ते माहीत नव्हतं. तो इंटरनेटवर व्हिडिओ टाकायचा आणि मी सोलापुरात माझ्या खोलीचं दार लावून ते बघायचे. क्लासला जायची मला भीती वाटायची. कुणी मागे उभं राहिलं की माझा हात थांबतो.

आयुष्यभर तो एका कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढत होता आणि रविवारी घराजवळचं तळं रंगवत होता. दरवेळी तेच तळं. थंडीत ब्रशचं पाणी गोठू नये म्हणून तो त्यात थोडी दारू मिसळायचा. माझी अडचण उलटी. इथे एप्रिलमध्ये रंग पसरायच्या आधीच वाळतो, म्हणून मी कागदाखाली ओला टॉवेल घालून बसायचे.

त्याच्या प्रत्येक चित्रात काठावर एक छोटी जागा कोरी असायची. जलरंगात पांढरं हवं तिथे कागद तसाच सोडतात. मला वाटायचं, तिथे ऊन पडलं असेल. बघून बघून मीही तशी जागा सोडायला लागले. हिप्परग्याच्या तलावावर, गच्चीवरून दिसणाऱ्या रस्त्यावर, कुठेही.

मग एका व्हिडिओत, खाली इंग्रजीत उमटणाऱ्या ओळींमधून कळलं, की त्याची बायको तिथे थर्मास घेऊन बसायची. ती गेल्यापासून त्या जागेवर त्याला ब्रश टेकवता येत नव्हता. पुढे काही महिन्यांनी त्याच्या मुलीने तिथेच व्हिडिओ टाकून तोही गेल्याचं कळवलं. त्या दिवशी मी माझी सगळी चित्रं काढून पाहिली. प्रत्येकात ती बाई होती. मी ती सगळी चित्रं पलंगाखाली सारली.

पप्पांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. ते चिंचोळी एमआयडीसीत कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी आईला घेऊन मंगळवेढ्याजवळच्या आमच्या रानात जायचे. तिथेच, ज्वारीच्या काढणीत, ते कोसळले. आता रान काका बघतात. त्यानंतर आईने तिकडे पाऊल टाकलं नव्हतं.

एका दुपारी ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"कागदं भिजवून भिजवून टॉवेलाचा सत्यानाश केलास. एक तरी माझ्या उपयोगाचं काढ की."

"काय काढू?"

"आपलं रान. जावंसं लई वाटतंय, पण पाय उचलत न्हाय."

या वेळी काही कोरं ठेवायचं नाही, असं मी ठरवलं होतं. काळी जमीन, पिवळी ज्वारी, विहीर, बांध. कागदाच्या कडेपासून कडेपर्यंत रंग भरला. वाळल्यावर पाहिलं, तर बांधावर बोटाच्या पेराएवढी जागा तशीच.

आईने चष्मा लावला. "हे कोण बसलंय?"

"कुणी नाही. कागद राहिलाय कोरा."

"कोरा कसा? बाई हाय की. डोक्याला रुमाल बांधलाय."

पोलंडमधल्या त्या बाईबद्दल मी आईला कधीच काही सांगितलं नव्हतं. अजूनही सांगितलेलं नाही.

"काढणीला आली असंल. बसू दे तिला," आई म्हणाली. "पण तुझ्या पप्पांना कुठं ठेवलंस?"

शाळा, ट्यूशन, परीक्षा. ते दोघं रानात जायचे तेव्हा मी अभ्यास करत घरी राहायचे. पप्पा तिथे कुठे बसतात, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

"तूच सांग," मी म्हणाले.

तिने विहिरीपलीकडे, चित्रातल्या सगळ्यात गडद रंगावर बोट ठेवलं.

"हितं. बाभळीखाली. जेवण झालं की पाय लांब करून शेंगा फोडत बसायचे. मी हाक मारली की ऐकूच आलं न्हाय असं करायचे. लबाड."

वर्षभरात ती त्यांच्याविषयी इतकं बोलली नव्हती.

वाळलेल्या रंगातून पांढरा कागद परत मिळत नाही. तरी तिने दाखवलेल्या जागी मी ओला ब्रश घासला, कापसाने टिपलं, पुन्हा घासलं. शेवटी एक मळकट डाग उरला, कडा पुसट झालेला. बिघडलं, असं मी म्हणणार तेवढ्यात आई पुढे वाकली.

"व्हय. लांबनं असंच दिसायचे ते."

चित्र आता स्वयंपाकघरात आहे. सकाळी भाकरी थापताना आई त्याच्याकडे बघून काहीतरी पुटपुटत असते. दोघांपैकी कुणाशी, ते मी विचारत नाही.