मंगलाबाईंचं शेंदराचं बोट

शीलाच्या पिकअपचे ब्रेक सोमवारपासून कुरकुरत होते, बुधवारी तर चक्क किंचाळायला लागले. ऐन मिरचीचा हंगाम! ओली लाल मिरची काय, थांब म्हटलं की थांबते होय? आणि विसरवाडीचा तिचा नेहमीचा मिस्त्री नेमका मेहुणीच्या लग्नाला सुरतेला गेलेला. शटर चार दिवस बंद.

"मग ठेव चार दिवस गाडी उभी," नवनीतने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, नवापूरहून फोनवर सांगितलं. तो तिकडे शाळेत क्लार्क, रविवारी घरी येणारा. त्याच्या बापाचं काय जातंय सांगायला! तिच्या कोरीट गावातल्या तीन घरांची मिरची शीला नंदुरबारच्या बाजारात पोचवायची, आणि मालासोबत मालकही केबिनमध्ये बसणार ही इथली रीत. बाईच्या शेजारी बसायला ती तीन घरं तयार होईपर्यंत दोन वर्षं गेली होती. शुक्रवारी सकाळी तिची गाडी दारात लागली नाही, तर माल गावातल्या दुसऱ्या पिकअपवाल्याच्या, गोकुळच्या गाडीत चढणार. आणि एकदा तिकडे चढलेला माल परत येतोय होय?

तिची सासू, मंगलाबाई, तर त्या गाडीत कधी बसलीच नव्हती. बाजाराला जायची ती एसटीने, आणि शीलाची गाडी शेजारून गेली की मान वळवायची.

शीलाने ठरवलं, ब्रेकचे पॅड आपणच बदलायचे, अंगणात. मिस्त्रीने हे काम तिच्यासमोर तीनदा केलं होतं, आणि तिन्ही वेळा ती शेजारी उकिडवी बसून त्याचं डोकं खात होती. "बाई, गॅरेज टाकायचंय का तुम्हाला?" असं म्हणून तो वैतागला होता. आता ते डोकं खाणंच कामी आलं.

गुरुवारी सकाळी तिने मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या चाकांचे नट ढिले केले आणि मग जॅक चढवला. एकेक चाक उतरवून पाहते तर दोन्हींकडचे पॅड झिजून पापडासारखे झालेले. ज्या लोखंडी चिमट्यात ते बसतात तो तिने तारेने वर टांगला, कारण तो नुसता लोंबकळला तर ब्रेक ऑइलची नळी ताणते. आणून ठेवलेले नवे पॅड ओट्यावर धुतल्या फडक्यावर मांडले. एव्हाना पाचपंचवीस माणसं जमली होती. गावाला दुसरं काम काय?

"वहिनी, काम भारी शे," गोकुळ कुंपणावरून म्हणाला. "पन तुम्हना बरेकना भरोसावर गाडीमा बसी कोन?"

लोक हसले. शीलाने उत्तर द्यायला मान वळवली आणि तिची नजर ओट्याकडे गेली. मंगलाबाई ओट्यावर उभी होती. एका हातात तेलात कालवलेल्या शेंदराची वाटी, आणि दुसऱ्या हाताचं बोट नव्या पॅडवर टेकणारच होतं. त्या घरात विळ्यापासून मोटारपंपापर्यंत एकही नवं लोखंड त्या बोटाशिवाय कामाला लागलं नव्हतं.

"आत्या! थांबा!"

सासूवर ओरडली! सगळ्या गावादेखत! मंगलाबाईचं बोट हवेतच राहिलं, डोळे भरून आले.

"मन्हा हात अपशकुनी शे का वं?"

शीला पळत गेली. तिने समजावलं, की हा पॅड चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कवर घासतो म्हणून तर गाडी थांबते. त्याला तेल लागलं की पकड गेली, मग उतारावर देवही धरणार नाही. म्हातारी ऐकत होती, पण वाटी पदराखाली लपवत होती. ते पाहून शीलाला फार वाईट वाटलं. शेवटी तिने जुने पॅड उचलून सासूपुढे धरले. नव्यांनी अजून केलंय काय, आत्या? इतके दिवस मला सुखरूप घरी आणलं ते ह्यांनी. ह्यांना लावा.

मंगलाबाईने ते झिजलेले तुकडे हातावर घेतले, आणि जुन्या चारही पॅडना शेंदराचं बोट लागलं.

दोन्ही चाकं बसली. शीलाने पेडल दाबलं, तर ते थेट तळाला! "देखा, देखा!" गोकुळ ओरडला. पण नवे पॅड बसवल्यावर पहिलं पेडल पोकळच जातं, हे तिला ठाऊक होतं. दोनदा, तीनदा, चौथ्यांदा दाबलं आणि पाय दगडावर टेकावा तसा टेकला. आधी गल्लीत हळू चालवून ब्रेक पाहिला. मग नदीकडच्या उताराला जायचं म्हणून तिने विचारलं, "येतं का कोणी?"

सगळे एकेक पाऊल मागे सरकले. ज्यांची मिरची न्यायची तेही.

मंगलाबाई मोरीवर गेली. साबणाने दोनदा हात धुतले, पदर खोचला आणि गाडीत चढली. "चाल. मी बठसू."

उतारावर शीलाने ब्रेक लावला. ना किंचाळी, ना एका बाजूला ओढ, गाडी सरळ बाभळीपाशी उभी. समोरची दांडी घट्ट धरलेला मंगलाबाईचा हात सुटला आणि म्हातारी पोरीसारखी हसली. "फेर कर!" असं तीनदा झालं.

शुक्रवारी तिन्ही घरची मिरची शीलाच्याच गाडीत चढत होती. गोकुळ आला, जरा बाजूला उभं राहून हळूच म्हणाला की त्याच्याही गाडीचे ब्रेक वाजू लागलेत, आणि मिस्त्री तर अजून सुरतेतच.

शीला काही बोलायच्या आत ओट्यावरून आवाज आला, "लई ये तुन्ही गाडी. पन हात धुईसन ये. तेलना हात आठे चालत नही!"