शेजाऱ्याचं नाव

माझा काडीमोड गावच्या पंचांसमोर झाला. पहिला नवरा मिलिटरीत होता आणि सुट्टीवर आला तो दुसरी बाई ठरवूनच. पंचांनी गवताची काडी मोडली, माझ्या गळ्यातली पोत काढून त्याच्या हातावर ठेवली आणि सगळे चहा प्यायला बसले. आमच्याकडे एवढं झालं की संपलं. हे सरकारलाही कळवायचं असतं, हे पंचांच्या बापालाही ठाऊक नव्हतं. पुढे भावाने सुरतेत लूमवर असलेल्या एका माणसाशी माझा पाट लावून दिला आणि मी सुरतच्या बमरोलीत राहायला आले.

माणूस देवासारखा मिळाला. लूमच्या खडखडाटात ह्यांचे अर्धे कान गेले होते, म्हणून माझी निम्मी भांडणं त्यांच्यापर्यंत पोचायचीच नाहीत. एकदा ऐकू आलेलं मात्र ते कधी विसरायचे नाहीत. मला जिलेबी आवडते, हे त्यांनी एकदाच ऐकलं होतं.

सुरतेत प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षी ह्यांचा खोकला बसेना. चाळीतले लोक आम्हाला बघून दार लावून घ्यायचे. प्लेग नव्हता तो, पण सुटण्यासारखाही नव्हता. इतक्या वर्षांचा कापडाचा भुगा छातीत बसला होता. शेठने आराम करायला सांगितलं, म्हणजे कामावरून काढलं. मी साड्यांचे सुटे धागे कापायचं काम घरी आणत होते, पण त्यात भाडं निघालं तर औषध राहायचं आणि औषध आणलं तर पीठ. औषध चुकलं की ह्यांचे ओठ निळे पडायचे. तेव्हा मी त्यांची पाठ चोळत बसायचे आणि देवाला अशा शिव्या द्यायचे, की देव असता तर उठून गेला असता.

अशात कोणीतरी सांगितलं, तुझा मिलिटरीवाला रिटायर झाला, भरपूर पेन्शन खातो, त्यातला तुझा भाग माग. बुडत्याला काडीचा आधार. मी वकिलाकडे गेले.

वकील सुरतचाच होता. त्याने विचारलं, "बेन, छुटाछेडा का कोर्ट का कागज है?"

"नाही. काडीमोड पंचांनीच केला."

"तो फिर कुछ नहीं हुआ. लश्कर के चोपडे में आज भी तू ही उसकी औरत है. खर्चा मांग, मिलेगा." मग त्याने दाराशी टेकून दम घेणाऱ्या ह्यांच्याकडे बघितलं. "लेकिन ये कौन है?"

मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "पडोसी."

परत येताना मी त्यांच्या दहा पावलं पुढे चालत होते. मला त्यांचा इतका राग आला होता, की भर रस्त्यात त्यांची गचांडी धरावीशी वाटत होती. खोलीचं कुलूप काढलं, तर हे बाहेरच उभे. नव्या भाडेकरूने घरमालकिणीला विचारावं तसं म्हणाले, "आते भाडं कितलं लेशी?" मला हसू फुटलं, आणि मग उंबऱ्यातच बसून मी मोठ्याने रडले. मला ते पैसे हवे होते. ह्यांनी जगायला हवं होतं. त्यासाठी मी कोर्टात काय वाटेल ते बोलायला तयार होते.

वकिलाने माझ्याकडून सगळं घोकून घेतलं. एकटी राहते, आजारी शेजाऱ्याला कधीमधी भाकरी देते, काडीमोड झालाच नाही. कोर्टात मिलिटरीवाला समोर बसला होता, मिशीला पीळ देत. हे मागच्या बाकावर होते.

जजसाहेबांनी विचारलं, "पति का नाम?"

मी मिलिटरीवाल्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट, खणखणीत. माझा वकील खूश झाला. पण समोर मिलिटरीवाला हसला आणि आपल्या वकिलाच्या कानाला लागला. मी चार वर्षं त्याच्या घरात नांदले होते, आणि तेवढ्या वर्षांत एकदाही त्याचं नाव माझ्या तोंडून निघालं नव्हतं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

त्याचा वकील उठला. "अच्छा बेन, वो पीछे बैठा है, तुम्हारा पडोसी. उसका नाम क्या?"

एवढंच विचारलं. घोकलेल्यात हे नव्हतं. नाव माझ्या जिभेवर होतं, आणि मी मागे बघितलं. ह्यांचे ओठ तसेच निळे होते. ते मान हलवून मला खुणावत होते, बोल, बोल. ज्याचा श्वास मोजून येतो, त्याचं नाव मी कसं घेऊ? हात आपोआप पदराकडे गेला आणि मी डोक्यावर पदर ओढला.

"बोलो बेन."

मी पदर आणखी पुढे ओढला. मिलिटरीवाला म्हणाला, "साहेब, आमच्याकडच्या कोणालाही विचारा, अशी गप्प बाई कोणासाठी बसते ते."

पुढच्या तारखेला त्याने गावचे दोन पंच आणले. त्यांनी देवाची शपथ घेऊन काडी मोडल्याचं सांगितलं, आणि ते खरंच होतं. साहेबांनी निकाल गुजरातीत वाचला. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना दया आली असावी, कारण मग त्यांनी हिंदीत समजावलं. तुमच्या जातीचा रिवाज कोर्टाने मानला. छुटाछेडा खरा, दुसरं लग्नही खरं. पहिल्याच्या पेन्शनवर तुझा हक्क नाही. तुला पोसायची जबाबदारी आता तुझ्या या नवऱ्याची.

असं म्हणून त्यांनी मागच्या बाकाकडे बोट दाखवलं.

हे बाकाला धरून उठले. खोकला आवरेपर्यंत सगळं कोर्ट थांबलं. मग त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "हां साहेब. संभालूंगा."