मेणाच्या गंजापाशी

पंचफुलाच्या हातून दूध उतू गेलं नाही असा आठवडा तिच्या सासरी कोणाला आठवत नाही. बाई आळशी नव्हती हो, कामाला वाघ होती. पण चुलीपुढे उभी राहिली की तिची तंद्री लागायची. दुधावर साय धरायला लागली की पाहत राहायची आणि पाहता पाहता कुठल्या कुठे निघून जायची. सासू ओरडायची, "अवं, कुठी गेल्ती?" आता काय सांगणार, कुठी गेल्ती! माहेर तिचं जऊळक्याचं. लहानपणी स्टेशनावर बसून गाड्या पाहायची, आणि गाडी गेल्यावरही रुळांकडे बघत बसायची. ते बघणं काही लग्नानंतर सुटलं नाही. नवरा जगदेव मंगरूळपीर ते कामरगाव जीप चालवतो. तो बिचारा पहिली काही वर्षं चिडला, मग करपलेली भाजी मुकाट्याने खायला शिकला.

बचत गटात तिने चिवडा केला, तो जळाला. पापड भाजले, तेही जळाले. शेवटी गटातल्या बायांनी वैतागून तिला मेणबत्तीच्या शिबिराला पाठवून दिलं, आणि तिथे तिचं नशीब उघडलं. कारण मेणाकडे पाहत बसावंच लागतं. गंज म्हणजे आमच्याकडचं उभं पातेलं. पाण्याच्या मोठ्या पातेल्यात मेणाचा गंज ठेवायचा, मेण पार पाण्यासारखं होऊ द्यायचं, मग खाली उतरवून थांबायचं. काठाला साईसारखा पांढरा पापुद्रा धरू लागला की लगेच साच्यात ओतायचं. घाई केली तर वातीभोवती खड्डा पडतो, उशीर केला तर थर दिसतात. तेवढा वेळ पंचफुला गंजात पाहत बसायची. त्या पिवळसर पारदर्शक मेणात तिला काय काय दिसायचं! काठाकडून पांढरं सरकत यायचं आणि तिला वाटायचं, पहाटेच्या धुक्यात आपण एकटीच चाललो आहोत, कोणी हाक मारत नाही, कुठे पोचायची घाई नाही. आणि नेमक्या वेळी हात आपोआप उठायचा. आयुष्यात पहिल्यांदा तिचं काही जळत नव्हतं.

तिच्या मेणबत्त्या मंगरूळपीरच्या दर्ग्याच्या वाटेवरच्या दुकानांत जायच्या, जगदेवच्या जीपमधून कामरगावला जायच्या. घर सुखात होतं. मग तुळशीचं लग्न आटोपलं आणि वाशिमचा मंडपवाला सेवालाल दारात आला. लग्नाच्या लॉनवर मोठा हौद होता, त्यात तरंगत्या मेणबत्त्या सोडायच्या होत्या. थोड्याथोडक्या नाही, पाच हजार!

"जमन का, बाई?" सेवालाल म्हणाला. "एक बी पान्यात आडवी झाली नाई पायजे. हे जमलं तं सारा सीझन तुमचाच."

पंचफुलाच्या डोळ्यांपुढे हौदभर उजेड तरंगू लागला होता. त्या तंद्रीतच ती हो म्हणून बसली.

सेवालाल गेल्यावर भानावर येऊन तिने हाक मारली. शेजारची सरवरी धावत आली. सरवरी म्हणजे बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या सैफुद्दीनची बायको. जीभ तिखट, पण जीव लावणारी. "अवं, एकटी करशीन तं त्या नवरीले नातवंडं होतीन!" ती म्हणाली. "गल्लीतल्या बाया बोलाव."

हिरीबाई आली, चंदा आली, राखी आली, अजून दोघीचौघी आल्या. सगळ्या शेतात निंदणाला, म्हणजे तण काढायला जाणाऱ्या. आणि इथेच घोळ झाला. आमच्याकडे बाया निंदायला बसल्या की प्रत्येकीला एक पात मिळते, म्हणजे पिकाची एक ओळ. आपली पात आपण न्यायची. जी मागे राहील तिची सगळ्याजणी मिळून टिंगल करतात, म्हणून कोणीच मागे राहत नाही. पंचफुलाला कामाची वाटणी तेवढीच ठाऊक. तिने अंगणात प्रत्येकीला एक शेगडी, एक गंज आणि साचे दिले आणि म्हणाली, "घ्या, हे आपापली पात!"

मग काय विचारता! पदर खोचले, गाणी सुरू झाली. चंदाने साचे भरले की राखी पेटायची, राखीने भरले की हिरीबाई. "ह्या म्हाताऱ्या हाताले हरवनारी पैदा नाई झाली," असं म्हणत हिरीबाईने उकळतं मेणच साच्यांत ओतलं. थांबायला वेळ कोणाला होता? अंगण भरून मेणबत्त्या झाल्या. पंचफुला कौतुकाने पाहत होती.

सरवरीने सहज म्हणून काही उचलून अंगणातल्या टाक्यात सोडल्या. एक कलंडली. दुसरी कलंडली. तिसरी तर उताणीच पडली. वातीभोवती खड्डे, एक बाजू जड. सगळ्या बाया टाक्याभोवती जमल्या आणि गाणी बंद झाली.

"सारं पुन्ना वितळवा," सरवरी म्हणाली. "हे काय निंदन हाये का? एकीनं वाती लावा, एकीनं ओता, एकीनं खड्डा भरा, एकीनं साच्यातून काढा. अन् पंचफुला, तू मालकीन. तू हिंडून सार्‍यावर नजर ठेव, फोन घे, पेट्या मोज."

बरोबरच होतं ते. सगळ्यांना पटलं, जगदेवला तर फारच पटलं. त्याने बायकोला बसायला नवी खुर्ची आणली. गंज राखीकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून पंचफुला मालकीण झाली. कानाला फोन, हातात पेट्या. इकडे वाती संपल्या, तिकडे कागद संपला. राखीला "थांब" म्हणून सांगायला जावं तर सेवालालचा फोन. परतून येईपर्यंत मेण थंड झालेलं. ती धावायची, विसरायची, पुन्हा धावायची. घरात इतकी माणसं आणि इतका मान असूनही तिला रडू येत होतं. संध्याकाळी डोळे मिटले तर काहीच दिसेना. ना धुकं, ना वाट. आतून कोणीतरी दिवा काढून नेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्यासाठी बोलणी खाल्ली तेच हरवलं आणि ते कोणाला सांगायचं तरी कसं? लोक हसले असते.

मेणबत्त्याही निम्म्या कलंडतच होत्या. राखीचं लक्ष गप्पांत, तिला त्या पापुद्र्याची वाट पाहवत नव्हती.

शेवटी एका सकाळी पंचफुला खुर्चीतून उठली आणि सरवरीपुढे जाऊन उभी राहिली. "आपा, मले मालकीन नाई व्हायचं. तू हो. मले गंजापाशी बसू दे."

सरवरीने तिच्याकडे नीट पाहिलं. "घर तुहं, नाव तुहं. लोकं मले विचारतीन, तुले नाई. चालन?"

"चालन."

"मंग रडशीन."

"आता रडून राह्यली नं मी," पंचफुला म्हणाली, आणि खरंच रडली.

जगदेव दारातून ऐकत होता. त्याचा चेहरा पडला. "येडी झाली का वं? हाती आलेलं मानाचं पद कोनी देते का?" पण तोवर सरवरीने फोन कमरेला खोचला होता आणि हिरीबाईला पेट्यांकडे पिटाळलंही होतं. आवाज तर असा, की चार घरं ऐकतील. तिला काही शिकवावं लागलं नाही.

पंचफुला गंजापाशी बसली. बाया काम करत होत्या, हसत होत्या, कोणी तिला हाक मारत नव्हतं. मेण निवळलं. काठाला पांढरं धरलं. हात उठला. त्या दुपारी टाक्यात सोडलेली एकही मेणबत्ती आडवी झाली नाही.

माल न्यायच्या दिवशी सेवालाल स्वतः आला. "मालकीनबाई कोन?" सोबतच्या माणसाने विचारलं. बायांनी सरवरीकडे बोट दाखवलं. नमस्कार, चहा, पुढच्या लग्नाची बोलणी, सगळं तिच्याशी. शेवटच्या गंजावर वाकलेल्या पंचफुलाकडे कोणी वळूनही पाहिलं नाही. जगदेवने पाहिलं. त्याला फार लागलं ते. पेट्या जीपमध्ये चढवून तो तणतणत तिच्यापाशी आला. पण तिचा चेहरा पाहून तो थांबला. इतका निवांत चेहरा त्याने संसारात पाहिलाच नव्हता. पाहायला कधी थांबलाही नव्हता.

"काय दिसते वं तुले त्याच्यात?" त्याने हळूच विचारलं.

"असं उभ्यानं नाई दिसत. बसा."

"जीप भरून उभी हाये."

"मंग जा."

बाहेर सेवालाल हॉर्न वाजवत होता. जगदेवने एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग चपला काढून तो तिच्या शेजारी खाली बसला आणि गंजात पाहू लागला.