भरलेली गाडी, उंच स्पीड बंप आणि माझी लेक

मंडळी, आज छाती जरा फुगलीय, सहन करा!

माझी जुनी मसल कार, ती दणकट इंजिनाची गाडी, तुम्हाला माहीत आहेच. इंजिनातला धूर बाहेर नेणारे तिचे पाईप, म्हणजे हेडर्स, गंजले होते. मी नवे लांब हेडर्स ऑर्डर केले. पॉवर जास्त, आणि आवाज तर विचारूच नका! लांब हेडर्स खाली लोंबतात, म्हणून गाडीखाली किती जागा उरेल, तेही मोजलं होतं.

माझी लेक रेवा इथेच एडिसन गावात वाढली, आता मेकॅनिकल इंजिनिअर आहे. तिने ऑर्डर कॅन्सल करायला लावली. "बाबा, तू रिकाम्या गाडीचं माप घेतलंस. आपली गाडी कधी एम्प्टी असते का?"

मी चिडलो. पण शेवटी तिने निवडलेले आखूड, इंजिनाला लगटून राहणारे हेडर्सच आम्ही दोघांनी बसवले.

आज मराठी मंडळाचं पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा. मागे माझी आई, शेजारच्या काकू आणि मसालेभाताचं पातेलं. डिकीत खुर्च्या आणि ताकाचा कूलर. गाडी चांगलीच दबली होती. हॉलच्या पार्किंगमधला तो उंच स्पीड बंप दिसला आणि मी श्वास रोखला.

ड्राइव्ह रेवा करत होती. गाडी सावकाश चढली, उतरली. कुठे खर्रकन घासलं नाही. रेवाने गाडी थांबवून माझ्याकडे बघत भुवया उडवल्या.

मागून आई ओरडली, "थांबलीस काय गं? भात गार होतोय!"

तुमच्या घरात कोणी तोंडावर "बाबा, चुकतोयस" म्हणतं का? म्हणत असेल तर किल्ली त्याच्याच हातात द्या. मी दिलीय, आणि परत मागणार नाही.