वाल्मिकचं बोट

कर्जत-खालापूर रस्त्याला लागून असलेल्या त्या नगरपंचायतीच्या नदीकाठच्या प्रभागात एक खुर्ची अशी आहे, की तिच्यावर नगरसेवकसुद्धा बसत नाही. मतदानाच्या दिवशी शाळेच्या पहिलीच्या वर्गात उमेदवाराच्या पोलिंग एजंटसाठी ठेवतात ती. गावात ग्रामपंचायत होती तेव्हापासून ती वाल्मिकची. येणारा मतदार खरा की खोटा, हे ओळखायचं त्याचं काम. कागदाच्या कारखान्यात गेटवर उभं राहून लोकांचे डबे हुंगण्यात त्याचा जन्म गेला. निवृत्त झाला तो नोकरीतून, संशयातून नव्हे.

एकदा तर स्वतःच्या मेहुणीला नवा चष्मा लागला होता, तर ह्यानं तिच्यावरच आक्षेप घेतला. "हिचं नाक वेगळं हाय, साहेब." मेहुणी अजून त्याच्या घरचं पाणी पीत नाही.

आता प्रभागाचा इतिहास थोडक्यात सांगायचा तर असा. नगरपंचायत झाली तेव्हा पहिल्यांदा छायाताईंचे यजमान दणकून निवडून आले. दुसऱ्या खेपेला सोडतीत प्रभाग बायकांना गेला, यजमान ओटीवर बसले आणि छायाताई उभ्या राहिल्या. त्याही आल्या, पण मतं घटली. यजमान म्हणाले, उन्हामुळे. वाल्मिक म्हणाला, फितुरीमुळे. आणि आता तिसऱ्या खेपेला ब्युटी पार्लरवाली सुरभी समोर उभी ठाकली. निशाणी म्हणून छायाताईंना कपाट मिळालं, सुरभीला शिलाई मशीन. शिलाई मशीननं कपाट पाडलं, तेही एका मतानं! पुन्हा मोजलं, तरी एकच.

छायाताईंनी वाल्मिकला बोलावून घेतलं. "दादा, मताच्या मशीनीला मी दोष देत नाय. आपल्याच घरातलं कोनतरी फुटलंय. तुमीच काडा शोधून."

"काडतो," वाल्मिक म्हणाला. असं काम मिळायला तो आयुष्यभर टपलेलाच होता.

त्याची अक्कल बघा. मत कुणाला दिलं ते दिसत नाही, पण दिलंच नाही ते दिसतं. शाई काही चार दिवसांत जात नाही. म्हणून हा गडी दारोदार फिरून छायाताईंच्या माणसांची बोटं बघू लागला. दामू न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून उभा होता, त्याचं बोट वस्तऱ्यासकट ओढून पाहिलं. पारूनं भांडी घासता घासता राखेचा हात पुढे केला, तर हा म्हणतो, "धू आधी. राखेखाली काय बी लपतं." वडापाववाल्या चिंधीकडे तर दोनदा गेला.

"काल बघून गेलास ना रं?"

"काल उजेड कमी होता."

"उजेड हाय रं भरपूर. तुज्या टकुऱ्यात नाय," चिंधी म्हणाली आणि तेलाच्या झाऱ्यासकट हात नाचवला.

सगळ्यांची बोटं काळी निघाली. मग वाल्मिकनं जालीम उपाय सुचवला. मंगळवारी गावदेवीपुढं सगळ्यांनी जमायचं, बोट दाखवायचं आणि तोच हात नारळावर ठेवून शपथ घ्यायची. छायाताईंनी ठराव पास केला.

सोमवारी दुपारी तो जेवायला बसला. त्याची बायको विमलबाई भाकरी वाढता वाढता थांबल्या.

"अवं, तुमचं बोट बगू."

"माझं? मी एजंट हाय."

"म्हनूनच बगू."

डाव्या हाताचं बोट धुतलेल्या भांड्यासारखं लख्ख होतं.

वाल्मिकच्या हातातला घास हातातच राहिला. मतदानाच्या दिवशी सकाळी तो मशीनची चाचणी बघत बसला. मग "आपलं मत कुठं पळतंय, शेवटी टाकू" म्हणाला. आणि शेवटी, दार बंद व्हायच्या वेळेला, पनवेलहून गाडीभर पोरं आली. ती बोगस आहेत म्हणून ह्यानं असा गोंधळ घातला, की तो मिटेपर्यंत मशीनला सील लागलं. दुसऱ्यांची मतं राखता राखता स्वतःचं राहिलं. ते पडलं असतं तर बरोबरी होती. मग चिठ्ठी निघाली असती, आणि चिठ्ठीत काहीही होऊ शकतं.

"उद्या नारळावर हात ठेवायचा हाय," तो पुटपुटला.

"ताईंना सांगून टाका. इसरलो म्हना."

"आनि खुर्ची?"

विमलबाई धुणं वाळत घालायला गेल्या, तेव्हा ह्यानं फडताळातली बरणी काढली आणि बिब्बा शोधला. धोब्याकडे द्यायच्या कपड्यांवर ज्याची खूण करतात तोच. सुईला टोचून निखाऱ्यावर धरला आणि सुटलेलं काळं तेल नखापासून पेरापर्यंत ओढलं. रंग अगदी सरकारी उतरला. बाईंनी येऊन कपाळाला हात लावला. "अवं, उतंल ना तो!"

सकाळी उतलाच. बोट गाजराएवढं झालं, वर पाण्याचे फोड. वाल्मिक फडकं गुंडाळून देवळात गेला. एकेकाचं बोट बघितलं, एकेकाचा हात नारळाला लावला. सगळे संपले, तेव्हा छायाताई म्हणाल्या, "आता तुमचं, दादा. रीत ती रीत."

"कापलंय, ताई. कोयत्यानं."

"बगू बगू," म्हणत चिंधीनं फडकं ओढलं. दोन खेपांचा हिशेब होता तो. तिनं बोट उजेडात धरलं आणि म्हणाली, "कोयता नाय वो. बिब्बा हाय हा! आमच्या आयेनं जन्मभर बिब्बं फोडले, मला शिकवता?"

मग वाल्मिकनं खरं ते सांगितलं. "मत टाकायचंच इसरलो, ताई."

आयुष्यात पहिल्यांदाच तो इतकं सरळ बोलला असेल. पण ऐकतंय कोण?

"इसरलात?" छायाताई सावकाश म्हणाल्या. "तुमी? मेव्हनीचं नाक ध्यानात ऱ्हातं आनि मत इसरता?"

"दिवाळीत नवं पत्रं घातलंस ना रं घरावर?" दामूनं विचारलं, अगदी सहज.

"पनवेलची पोरं पन तूच बोलावली आसशील," पारू म्हणाली. "टाइमपास कराया."

नारळावर हात ठेवायला कुणी त्याला सांगितलंच नाही. त्याच्या शपथेवरचा विश्वासच उडाला होता. पुढच्या वेळेला खुर्चीवर दामू बसणार, हे देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता ठरलंदेखील.

त्यात भर म्हणजे संध्याकाळी सुरभी विजयाचे पेढे वाटत आली. प्रभागभर वाटत होती, पण वाल्मिकच्या दारात थांबली, वाकून पाया पडली आणि भर रस्त्यात म्हणाली, "काका, तुमचे उपकार कसे फेडू?" ती खरंच भोळी की मुद्दाम बोलली, ह्यावर चिंधीच्या गाडीवर अजून दोन मतं आहेत.

विमलबाईंनी ओलं खोबरं वाटून बोटावर लेप घातला. पेढ्यांचा बॉक्स मध्ये पडला होता, उघडायला कुणी तयार नव्हतं. लेप घालून झाला, पण त्यांनी बोट काही सोडलं नाही.

"एक इचारू का?"

"इचार."

"खरंच इसरलात ना वो?"

वाल्मिकनं चमकून वर पाहिलं. गेटवर डबा हुंगताना तो लोकांकडे जसं बघायचा, अगदी तसंच ती त्याच्याकडे बघत होती.