फळ्यांआड थांबलेलं गाव

मिनोसावा गावाची पहाट यासोगोरोच्या तळहातावर होत असे. त्याच्या कामाचा नियमच तसा होता. किल्ल्याच्या खंदकालगतच्या टेकाडावर गावाची घंटा टांगलेली होती. उजाडण्याआधी तिच्याजवळ उभं राहून हात समोर धरायचा, आणि तळव्यावरच्या तीन मोठ्या रेषा दिसू लागल्या की पहाटेचे सहा टोल द्यायचे. रेषा दिसत नाहीत तोवर रात्र. संध्याकाळी त्या दिसेनाशा झाल्या की पुन्हा सहा. या दोन्हींच्या मधला दिवस सहा भागांत वाटलेला असे. उन्हाळ्यात ते भाग लांबत, थंडीत आखडत, आणि त्यांचं माप राखेत नागमोडी भरलेल्या उदाच्या पुडीवर ठरे. पूड जळत कुठवर आली ते पाहायचं, मग घंटेवर आदळणारा ओंडका दोराने मागे खेचून सोडायचा. प्रत्येक वेळी आधी तीन टोल इशाऱ्याचे, ते मोजायचे नाहीत. झोपलेल्याने कान द्यावा एवढ्यापुरते ते असत.

यासोगोरोने हे काम अडतीस वर्षं केलं. त्याचा मुलगा त्याच्या हाताखाली तयार झाला होता, पण एका साथीत तो गेला. तेव्हापासून उदाची राख सुनेने, ओनुइने सांभाळली. घंटेला मात्र तिने हात लावला नव्हता. तसं कोणी तिला बजावलं होतं असं नाही; ते विचारण्याचंच कोणाच्या मनात आलं नव्हतं.

गावाची एक रीत होती. पहाटेच्या घंटेआधी दुकानाच्या फळ्या काढायच्या नाहीत. किल्ल्यात सरदार होते तेव्हा तो हुकूम होता. घंटा झाल्यावर किल्ल्याचं दार उघडे आणि मग गावाची दारं. सरदार तोक्योला गेले, किल्ल्याच्या भिंती लाकडाच्या भावाने विकल्या गेल्या, तरी रीत राहिली. आमचं घर टोफूवाल्यांचं. ओमासा ही माझी आजी, आणि ही हकिकत मला तिच्याकडूनच कळली. टोफू करणाऱ्याला रात्र सरायच्या आतच जात्यावर बसावं लागतं. पण भिजवलेल्या सोयाबीनच्या दाण्यांचं दळण, गाळण, घट्ट होण्याची वाट पाहणं हे सगळं बंद फळ्यांआड होई. घंटा झाली की आजोबा, गेन्शिची त्यांचं नाव, पहिली फळी काढत.

घंटेला उशीर होऊ लागला तो कधीपासून, हे आजीला नक्की सांगता येत नसे. तीन वर्षं तरी झाली असावीत. यासोगोरोच्या दोन्ही डोळ्यांत पांढरं आलं होतं. तळहाताच्या रेषा त्याला दिसत, फक्त उशिरा दिसत. संध्याकाळी त्या लवकर पुसल्या जात, त्यामुळे संध्याकाळची घंटा आधी होई. त्याबद्दल मात्र मजुरांची काही तक्रार नव्हती. पहाटे फळ्यांच्या फटींतून उजेड आत येऊन जमिनीवर पट्टे पडत. सोयाबीन आंबवून केलेल्या मिसोचं सार पिऊन झालेलं असे, फेरीवाल्यांच्या कावडी बांधून तयार असत, आणि सारी आळी आपापल्या घरात जागी, पायांत खडावा घालून, बसून राही.

"त्यांना कुणीच कसं सांगितलं नाही?" मी एकदा आजीला विचारलं होतं.

"सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचे डोळे गेले असं?" ती म्हणाली. "अडतीस वर्षं ज्या माणसाने आम्हाला उठवलं, त्याला?"

मेइजी बादशहाच्या पाचव्या वर्षी बाराव्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी सरकारने नवं वर्ष सुरू करून टाकलं. महिना सरायला अजून सत्तावीस दिवस होते. सणाच्या मोची, चिकट भाताच्या वड्या, अजून कुटून व्हायच्या होत्या, आणि पाडवा येऊन गेलासुद्धा. "एका हुकुमाने माझं वय वर्षाने वाढलं," गेन्शिची आजोबा म्हणत, "आणि दाढ मात्र जुन्या वर्षातलीच दुखतेय." गावाने ते हसून सोडलं आणि सण आपल्या जुन्या तिथीलाच केला. पण त्याच वसंतात जिल्हा कचेरीतून कुसाकाबे नावाचा तरुण अंमलदार आला. केस कापलेले, सामुराईचा मुलगा असून कमरेला तलवार नाही, हातात एक पेटी. पेटीत घड्याळ होतं. कचेरीने त्याला आमच्याच माडीवर राहायला जागा पाहून दिली.

कुसाकाबेने यासोगोरोला बोलावून घेतलं आणि आदरानेच सांगितलं, "आजोबा, आता दिवसाचे चोवीस सारखे तास. घंटा या घड्याळावर वाजेल. पण आधी पंधरा दिवस मी तुमची घंटा पहाट-संध्याकाळच्या वेळांच्या छापील कोष्टकाशी ताडून पाहणार आहे. बरोबर आली तर हे काम पुढेही तुमच्याकडेच. नाही आली तर मला वर तसं लिहावं लागेल."

"लिहा की," यासोगोरो म्हणाला. "माझी पहाट कोष्टकाला विचारून होत नाही, साहेब. पण कोष्टकाला माझ्याकडून काही शिकायचं असेल तर शिकू दे."

घरी आल्यावर तो नेहमीपेक्षा जास्त जेवला, असं ओनुइ सांगे. तिने ताटाकडे पाहिलं नाही. घंटा बरोबर येणार नाही हे तिला ठाऊक होतं.

पहिल्या दिवशी पहाटे तिने धीर केला. "मामंजी, आज आकाश फार स्वच्छ आहे, नाही?"

"आकाशाचं काम आकाश बघेल. तू राख बघ."

दुसऱ्या दिवशी ती नुसती खाकरली. यासोगोरोने विचारलं, "घसा धरलाय का? आल्याचा काढा घे." त्यानंतर तिने राखच पाहिली.

इकडे माडीवरून कुसाकाबे रोज पहाटे खिडकी उघडत असे. समोर रस्ता स्पष्ट दिसतोय, कुंपणावरची पानं मोजता येताहेत, आणि दोन्ही बाजूंची घरं मिटलेली. मात्र घराघरांतून वाट्यांचा आवाज येतोय. तिसऱ्या दिवशी तो खाली आला. आजोबा दारामागे, खांद्यावर कावड घेऊन उभे.

"गेन्शिचीसान, उजाडलंय की."

"छे, अजून कुठे, साहेब."

"मग हे काय आहे?" त्याने फटीकडे बोट केलं.

"ते होय? ते धुकं उजळतं कधी कधी. इकडच्या डोंगरांत असं होतं."

कुसाकाबे काही वेळ फटीतून बाहेर पाहत राहिला. बाहेर कसलंच धुकं नव्हतं. वहीत काहीतरी लिहून तो वर गेला.

त्या संध्याकाळी आळीतली पाचसात माणसं त्याच्याकडे गेली. पुढे माझी आजी, कारण बायकांना माणूस नाही म्हणत नाही असं आजोबांचं मत होतं. तिने टोफूचा द्रोण पुढे ठेवला, दोन्ही हात चटईवर टेकून वाकली आणि म्हणाली, "साहेब, एक विनंती होती. तुमचं ते घड्याळ थोडं मागे करता येईल का?"

"मागे?"

"थोडंच. आमच्या घंटेइतकं."

आजी सांगे की त्याला हसू आलं होतं, पण तो हसला नाही. "बाई, हे एकच घड्याळ नाही. जिल्ह्यात आहे, तोक्योत आहे, आगगाडीच्या स्टेशनात आहे. मी हे एकटंच मागे केलं तर ते नुसतं चुकीचं होईल."

"चुकीचं झालं तर कुणाचं काय बिघडतं?" कोपऱ्यातून डबेवाला म्हणाला. तो लाकडी पिंपं आणि बादल्या बांधत असे. "इथून तोक्यो किती लांब."

कुसाकाबेने घड्याळाला हात लावला नाही. टोफू मात्र त्याने घेतला.

परतताना गेन्शिची आजोबांना युक्ती सुचली. घंटेला उशीर होतो तो होतो. निदान त्यानंतर गावाने वेळ लावायचा नाही. सहा टोल पुरे होण्याची वाट पाहत बसायचं नाही. इशाऱ्याचा पहिला टोल पडला की फळी बाहेर. गाव झटपट कामाला लागलेलं दिसलं की अंमलदाराचीही तक्रार उरणार नाही. सगळ्यांना ते पटलं. घरोघर निरोप गेला.

चौथ्या दिवशी पहाटे ओनुइने राख सारखी केली आणि यासोगोरोच्या मागे चार पावलांवर उभी राहिली. तिला आपल्या तळव्यावरच्या रेषा केव्हाच्या दिसत होत्या. त्याने आपला हात समोर धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला. मग ओंडका खेचून सोडला.

पहिला टोल घुमत होता तोवरच खालून खडखड आवाज आला. एका घरातून नव्हे, दोन घरांतून नव्हे. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्या फळ्या एकाच क्षणी निघाल्या.

यासोगोरोने दोर हातात तसाच धरून ठेवला. डोळे गेले तरी त्याचे कान शाबूत होते, आणि अडतीस वर्षांत त्याने गावाचं उठणं रोज ऐकलं होतं. ते कधी असं नव्हतं. आधी एखादं दार, मग खोकला, मग मूल रडणं, मग विहिरीची घागर, मग फळ्या, एकामागून एक, आळशी घरातली सर्वांत शेवटी. झोपेतून उठणारं गाव एका दमात उठत नाही. हे गाव उभं राहून वाट पाहत होतं.

त्याने उरलेले टोल दिले, दोन आणि मग सहा, नीट अंतर राखून. मग ओनुइला विचारलं, "किती उशीर होतो मला?"

ती खाली बसली, कपाळ जमिनीला लावलं, आणि म्हणाली, "मामंजी, मला राखेतलंच कळतं."

तो तिच्यावर रागावला नाही. टेकाड उतरून तो सर्वांत आधी आमच्या दुकानात आला.

"गेन्शिची, माझी घंटा उशिरा होते का रे?"

"कोण म्हणतं? आम्हीच आळशी झालोय. म्हातारपण, दुसरं काय."

"तू माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहेस."

"तेच तर. इतक्या लहान वयात आलं."

डबेवाल्याकडे गेला. डबेवाला म्हणाला, बरोबर वाजते. कापडवाल्याची विधवा म्हणाली, उलट लवकरच वाजते, मला आणखी झोपायचं असतं. नऊ घरं त्याने विचारली. नऊ घरांनी वाकून, हसून, चहा पुढे करून नाही म्हटलं. आजी म्हणे, प्रत्येक नकारागणिक तो माणूस थोडा थोडा लहान होत गेलेला आम्हाला दिसत होता, आणि तरीही आमच्या तोंडून दुसरं काही निघेना.

शेवटी तो माडीवर आला. पुढचं कुसाकाबेने स्वतः आजीला सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, त्याची बदली होताना.

यासोगोरो गुडघे मुडपून बसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही बाहेरचे आहात. तुम्हाला विचारतो. मला किती उशीर होतो?"

कुसाकाबेने वही उघडली. उघडली आणि थांबला. त्या क्षणी आपल्यालाही धुक्याची सबब सुचली होती, असं त्याने आजीजवळ कबूल केलं. मग त्याने वाचलं, "स्वच्छ सकाळी सतरा मिनिटं. ढग असले तर आणखी. संध्याकाळी बारा मिनिटं लवकर."

"म्हणजे दोन्हीकडून कुरतडला मी दिवस." त्याने घड्याळाच्या टकटकीकडे कान केला. "सतरा मिनिटं म्हणजे किती?"

"साठ टकटक झाल्या की एक मिनिट. अशी सतरा."

"ऐकवा."

"आजोबा, असं कशाला..."

"लोकांनी रोज काढली. मी एकदा काढतो."

कुसाकाबेने घड्याळ दोघांच्या मधे ठेवलं. खाली आजीला वाटलं, वर कोणी नाहीच. आजोबा जिन्याच्या पायरीशी जाऊन आले. जात्याचा आवाज नको म्हणून दळण थांबवलं. म्हाताऱ्याची पाठ सगळा वेळ ताठ होती, फक्त अर्धा वेळ सरल्यावर त्याने एकदा विचारलं, "झाली?" आणि कुसाकाबे म्हणाला, "नाही, अजून आठ आहेत."

सतरा पुरी झाली तेव्हा यासोगोरो म्हणाला, "पुष्कळ होतात."

मग तो पुढे वाकला, कपाळ चटईला लागेपर्यंत. "नऊ घरं विचारून झाली. उत्तर देणारे तुम्ही पहिले. आभारी आहे. माझ्या सुनेचे डोळे चांगले आहेत. काटा तिला दिसेल. तिला घंटा द्या."

बाईच्या नावाने ते काम लिहायची सोय कचेरीच्या कागदांत नव्हती. कुसाकाबेने बरीच पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हा नोंद यासोगोरोच्या नावावरच राहिली आणि घंटा ओनुइने दिली, तो गेल्यानंतरही काही वर्षं.

पण त्या दिवशीचं एवढंच. यासोगोरो जिना उतरून खाली आला तेव्हा आजीने घाईने टोफूचा तुकडा पानात बांधून त्याच्या हाती दिला. डोळे वर करायचं तिला धाडस होत नव्हतं.

"ओमासा," तो म्हणाला, "यापुढे माझ्यासाठी खोटं बोलायचं नाही."

"खरं बोलले तर तुम्ही रागवाल."

"रागवेन. तरी सांगायचं."

आजी हो म्हणाली. मग तिने दारापर्यंत जाऊन पाहिलं, आणि त्याला म्हणाली की त्याच्या खडावा उलटसुलट पायांत आहेत. तो खरोखरच रागावला. उंबऱ्यावर बसून त्याने त्या काढल्या, बदलून घातल्या, आणि टोफूचं पान सांभाळत घराकडे चालू लागला.